टॉवरचा कान

"मला तुझं नीट ऐकू येतंय, तुला माझं येत नाहीये का?" रेंजच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचे हे ठरलेले वाक्य. पेणहून पूर्वेकडे हेटवणे धरणाच्या किंवा विनोबांच्या गागोद्याच्या बाजूला जाताना, कोलाडहून कुंडलिकेच्या काठाने वर भिऱ्याकडे सरकताना, सुकेळी खिंडीच्या आसपासच्या वाड्यांकडे वळताना, जिथे जिथे रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो तिथे ते कानावर पडते. बोलणारा वैतागलेला असतो, म्हणून त्या वाक्यात दडलेली एक अचूक तांत्रिक नोंद त्याच्या लक्षात येत नाही. त्याला ऐकू येते आहे, म्हणजे टॉवरचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतो आहे. त्याचे पलीकडे जात नाही, म्हणजे टॉवरला त्याचा आवाज ऐकू येत नाही. तरीही ग्रामसभेत, तहसीलदारांना दिलेल्या निवेदनात किंवा कंपनीच्या तक्रार क्रमांकावर मागणी एकच होते : टॉवरची पॉवर वाढवा. बहिऱ्या माणसाला अधिक मोठ्याने बोलायला सांगण्यासारखीच ही मागणी आहे. कडेच्या गावांना हवा आहे तो टॉवरचा कान, अधिक तीक्ष्ण आणि अधिक जवळ. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांची जमीन समोर ठेवली तर हे फार स्पष्ट दिसते, कारण रेंजच्या कडा दोन अगदी वेगळ्या जातींच्या असतात आणि या दोन तालुक्यांत त्या दोन्ही सापडतात.

आधी आकडे पाहू. फोर-जीच्या टॉवरवरचा एक रेडिओ साधारणपणे ४० वॉट शक्तीने बोलतो. खिशातला फोन जास्तीत जास्त ०.२ वॉट, म्हणजे २०० मिलिवॉट, एवढ्याच शक्तीने उत्तर देऊ शकतो. ही मर्यादा जागतिक मानकाने घातलेली आहे, आणि बॅटरी व डोक्याजवळ धरायचे यंत्र यांचा विचार करता ती योग्यही आहे. दोघांच्या आवाजात दोनशे पटींचे अंतर. अभियंते ही विषमता बऱ्याच अंशी भरून काढतात. टॉवरची शक्ती पूर्ण पट्ट्यावर पसरलेली असते, तर कडेला असलेला फोन आपली सगळी ताकद १८० किलोहर्ट्झच्या एखाद-दुसऱ्या अरुंद तुकड्यात ओततो. पंगतीला वाढणाऱ्याची पळी सगळ्या पानांवर फिरते आणि जेवणाऱ्याचा हात एका पानापुरता चालतो, तसेच हे. शिवाय टॉवरकडे दोन किंवा चार अँटेना ऐकायला असतात. तरीही एवढे करून बहुतेक ठिकाणी आधी दम तुटतो तो फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या मार्गाचाच, ज्याला अपलिंक म्हणतात. फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या मात्र केवळ डाउनलिंकचे, म्हणजे टॉवरच्या आवाजाचे मोजमाप दाखवतात. म्हणून दोन दांड्या दिसत असूनही कॉल लागत नाही. यात फोन खोटे बोलत नाही, आपण त्याला वेगळाच प्रश्न विचारत असतो.

दांड्यांपेक्षा खरा आकडा फोनच्या सेटिंगमध्ये, सिम स्टेटसच्या पानावर मिळतो. तो डीबीएम या एककात आणि उणे असतो. उणे ८५ म्हणजे चांगले, उणे १०० म्हणजे ठीकठाक, आणि उणे ११५च्या पलीकडे गेले की कडा आली. उणे ८५ आणि उणे ११५ यांत तीसचाच फरक दिसतो, पण डेसिबलचा हिशोब गुणाकाराचा आहे. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट, दहा म्हणजे दहापट, तीस म्हणजे हजारपट. पेणच्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या फोनला जो आवाज मिळतो, त्याच्या हजाराव्या हिश्शावर कडेचा फोन काम रेटत असतो. त्यात हाताच्या पकडीने आणि डोक्याच्या आडोशाने आणखी काही डेसिबल जातात, जांभ्याच्या भिंतीने बरेच जातात, आणि पत्र्याचे छप्पर तर रेडिओलहरींना सरळ परतवून लावते. अंगणात कॉल लागतो आणि घरात लागत नाही, याचा उलगडा टॉवरकडे नाही, घरात आहे.

अपलिंकचा मुद्दा दहा वर्षांपूर्वी एवढा टोचला नसता. तेव्हा गावाकडचा माणूस मुख्यतः ऐकणारा आणि पाहणारा होता. पहिली नेटवर्के बोलण्यासाठी बांधली गेली, नंतरची व्हिडिओ बघण्यासाठी. दोन्हीत वरून खाली येणारा प्रवाह मोठा धरलेला होता. आता शासन आणि बाजार दोघेही खेड्याकडे उलटी मागणी करतात : तुम्ही पाठवा. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा असतो. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी कामाच्या जागेवरच्या फोटोसह मोबाइल ॲपवर नोंदवणे सक्तीचे झाले. रेशन दुकानातले यंत्र अंगठ्याची पडताळणी वर पाठवून उत्तराची वाट पाहते. पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या कारखानदाराला मूर्तींचे फोटो आणि व्हिडिओ गिऱ्हाइकाला पाठवायचे असतात. हे सगळे वर चढणारे वजन आहे. शेत, रोजगार हमीचे काम, वाडीवरची बांधबंदिस्ती या सगळ्या जागा गावठाणापेक्षा टॉवरपासून लांब असतात, म्हणजे जिथे फोनचा आवाज सर्वांत क्षीण तिथेच त्याने सर्वांत जास्त बोलावे अशी व्यवस्था आपण करून ठेवली आहे. हजेरीचा फोटो चढला नाही तर मजुराचा दिवस बुडण्याची भीती असते, आणि याला 'नेटवर्कची अडचण' असे सौम्य नाव मिळते.

आता जमिनीकडे येऊ. रोह्याची कडा ही सावलीची कडा आहे. अवचितगडाची रांग, खांबजवळचा सुरगड, घोसाळगडाकडचे डोंगर, पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याच्या सोंडा. कुंडलिकेचे मुख्य खोरे मोकळे असल्याने लहरी त्याच्या लांबीने बऱ्या धावतात, पण बाजूच्या प्रत्येक ओढ्याच्या घळीत डोंगराची सावली पडते. रेडिओलहर डोंगराच्या माथ्यावरून थोडी वाकून खाली उतरते. ती किती वाकते हे तिच्या लांबीवर ठरते. डोंगराची धार टॉवर आणि फोन यांच्या दृष्टिरेषेला नुसती टेकली तरी सहा डेसिबल जातात, म्हणजे चौथाई शक्ती उरते. फोन खोल सावलीत गेला की वीस, तीस आणि अधिकही जातात. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटीमीटर लांब असते, २३०० मेगाहर्ट्झची १३ सेंटीमीटर, आणि फाइव्ह-जीच्या ३५०० मेगाहर्ट्झची जेमतेम साडेआठ. लांब लहर डोंगराला वळसा घालते, आखूड लहर त्याच्यावरच अडते. मोकळ्या मैदानातसुद्धा वारंवारता तिप्पट झाली की पोचणारी शक्ती नवव्या हिश्शावर येते. वरच्या पट्ट्यांना आणखी एक खोड आहे. त्यांतले बरेच पट्टे बोलणे आणि ऐकणे एकाच वारंवारतेवर, वेळ वाटून करतात, आणि त्या वाटपात फोनच्या वाट्याला वेळेचा लहान तुकडा येतो. आधीच आवाज बारीक, त्यात बोलायला सवड कमी. म्हणून एखाद्या घळीतल्या वाडीला 'फाइव्ह-जी आले' ही बातमी ऐकून आनंद होण्याचे फारसे कारण नसते. ७०० ते ९००चे सखल, संथ पट्टेच तिच्या कामाचे.

पेणच्या पश्चिमेची कडा याच्या नेमकी उलट. दादर, रावे, वढाव या खारेपाटातल्या गावांभोवती डोंगर नाही, आहे ती उधाणापासून बांधांनी राखलेली सपाट जमीन आणि धरमतरच्या खाडीचे पाणी. पाण्यावरून लहरी लांबवर विनाअडथळा जातात. अशा ठिकाणी फोनला एकाच वेळी चारी दिशांचे टॉवर ऐकू येण्याची शक्यता असते, खाडीपलीकडच्या उरणचे, अलिबागचेही. वरवर ही चैन वाटते. पण फोर-जीमध्ये एका कंपनीचे शेजारी टॉवर सहसा एकाच वारंवारतेवर बोलतात, कारण स्पेक्ट्रम महाग आहे आणि प्रत्येक टॉवरला वेगळा तुकडा देणे परवडत नाही. त्यामुळे दोन टॉवरांच्या मधल्या पट्ट्यात एकाचा आवाज हा दुसऱ्यासाठी निव्वळ गोंगाट ठरतो. जत्रेत दोन भोंग्यांच्या मधोमध उभे राहिल्यावर दोन्ही मोठ्याने ऐकू येतात आणि कळत एकही नाही, तशी फोनची गत होते. दांड्या चार, पण नेट हलत नाही. इथे कमतरता आवाजाची नसते, गोंगाटाच्या तुलनेत आवाज किती स्वच्छ आहे याची असते. आणि इथे टॉवरची पॉवर वाढवणे म्हणजे शेजारच्या टॉवरनेही वाढवणे, म्हणजे दोन्ही भोंगे अजून मोठे करणे.

या दोन कडांवरचे उपाय त्यामुळे एकसारखे असू शकत नाहीत. खारेपाटात काम आहे ते शिस्तीचे : अँटेना काही अंश खाली झुकवणे, म्हणजे तिचा झोत आपल्या हद्दीत पडेल आणि खाडीपलीकडे सांडणार नाही. आजच्या अँटेनांचा झोत टॉवरवर न चढता कार्यालयातून विजेवर झुकवता येतो. शिवाय शेजारी टॉवरांनी कडेच्या फोनसाठी वेगवेगळे तुकडे राखून ठेवणे, किंवा दोघांनी मिळून एकाच फोनचे ऐकणे, या सोयी फोर-जीच्या मानकांत टप्प्याटप्प्याने आल्या आहेत. यांतल्या पहिल्या कामाला तर नवे यंत्र लागत नाही, लागते ते लक्ष. आणि लक्ष तिथेच जाते जिथे वाहतूक जास्त. मुंबई-गोवा महामार्ग आणि रोह्याची धाटाव औद्योगिक वसाहत यांच्या वाट्याला ते आपसूक येते. खारेपाटातल्या एका बांधावरच्या तीन फोनसाठी कोण रात्री बसून झोत जुळवणार, हा प्रश्न तांत्रिक नाही.

मधल्या प्रकारची जमीन, म्हणजे ना खोल सावली ना गोंगाट, फक्त अंतर, तिथे टॉवरचा कान सुधारून बरेच साधते. पूर्वी रेडिओचे यंत्र टॉवरच्या पायथ्याशी खोलीत असे आणि वरच्या अँटेनापर्यंत जाड केबल जाई. उंच टॉवरवर फोनकडून आलेल्या क्षीण सिग्नलपैकी निम्मासुद्धा त्या केबलमध्येच विरून जाई. रेडिओ अँटेनाच्या शेजारी, टॉवरच्या माथ्यावर बसवला की ती गळती थांबते. ऐकणाऱ्या अँटेना दोनाच्या चार केल्या की आणखी सुमारे तीन डेसिबल मिळतात. तीन डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात. पण साध्या उतारचढावाच्या जमिनीवर त्यातून टॉवरची पोच साधारण २० टक्क्यांनी वाढते, आणि क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढत असल्यामुळे व्याप जवळजवळ दीडपट होतो. नव्या टॉवरशिवाय दीडपट मुलूख मिळत असेल तर तो सोडण्यात शहाणपण नाही. याशिवाय एक देखणी युक्ती फोर-जीच्या बोलण्यात आहे : कडेचा फोन आवाजाचा एकच तुकडा लागोपाठ चार वेळा पाठवतो आणि टॉवर ते चार अर्धवट ऐकू आलेले तुकडे जोडून एक पूर्ण शब्द बनवतो. पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला आपण "ओ ऽ ऽ" अशी हाक चारदा घालतो, त्यातलेच हे शहाणपण. मात्र तीन-सहा डेसिबलची ही सगळी कमाई डोंगराच्या तीस डेसिबल सावलीपुढे काहीच नाही. घळीतल्या वाडीसाठी कान जवळच न्यावा लागतो. वाडी आणि खालचा टॉवर दोन्ही दिसतील अशा सोंडेवर कमी उंचीचा खांब, त्यावर खालच्या पट्ट्यातला लहान रेडिओ, सौर पॅनेल आणि बॅटरी. यात नवलाईचे काही नाही, आणि तीच त्याची अडचण आहे.

कारण लगेच आक्षेप येतो तो पैशाचा : चाळीस घरांच्या ठाकूर किंवा कातकरी वाडीसाठी खांब उभारणे कोणत्या कंपनीला परवडेल? कोणालाच नाही, हे मान्य. पण या प्रश्नाचे उत्तर देशाने दोन दशकांपूर्वीच देऊन ठेवले आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेच्या निधीसाठी घेतली जाते. २०२३च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. शहरातल्या प्रत्येक रिचार्जमधला एक वाटा अशा वाडीसाठीच आधी काढून घेतलेला आहे. २७ जुलै २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २४,६८० रेंजहीन गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, म्हणजे पैशाची तोंडमिळवणीही झाली. खरी गोम आहे ती 'गाव' या शब्दात. महसुली गाव हा हिशोबाचा घटक धरला की गावठाणात रेंज आली म्हणजे गाव पूर्ण झाले. रायगडच्या डोंगरातल्या वाड्या मात्र महसुली गावापासून दोन-तीन किलोमीटर वर, वेगळ्या घळीत किंवा वेगळ्या पठारावर असतात, आणि कागदावर खालच्या गावात मोडतात. माणसे मोजताना त्यांची नोंद होते, सावल्या मोजताना होत नाही. वाडी हा घटक धरून मोजणी केली तर रायगडचे चित्र निराळे दिसेल.

दुसरी गोष्ट पैशाइतकीच मोलाची आणि जवळजवळ फुकटची आहे. कडेला फोनवर कधी कधी 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' अशी अक्षरे उमटतात. त्यांचा अर्थ असा की आपल्या कंपनीचा टॉवर टप्प्यात नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे. म्हणजे कान जवळ आहे, फक्त तो दुसऱ्याचे ऐकतो. एकाच दूरसंचार सर्कलमध्ये एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरणे, यालाच इंट्रा-सर्कल रोमिंग म्हणतात. जानेवारी २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरांवर ही सोय सुरू केली. अशा एका टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या तिघांच्याही ग्राहकांना फोर-जी मिळू शकते. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरीवर एकाच घराने पाणी भरावे याला काही अर्थ नव्हताच. खासगी टॉवरांच्या बाबतीत कंपन्यांचा युक्तिवाद असा की गुंतवणूक आम्ही केली, मग प्रतिस्पर्ध्याला आयता लाभ का? बाजारपेठेत हा युक्तिवाद बिनतोड आहे, तिथे स्पर्धा चालू द्यावी. पण ज्या घळीत दुसरी कंपनी येणारच नाही तिथे स्पर्धेचे रक्षण कशासाठी करायचे? वापरापुरते भाडे ठरवून दार उघडले तर पहिल्या कंपनीचा ओसाड टॉवरही थोडे कमावू लागेल.

शासनाची आणि कंपन्यांची वाट पाहण्यापेक्षा बूस्टर आणून लावावा, असा व्यवहारी सल्ला सर्रास दिला जातो. ऑनलाइन काही हजारांत मिळणारे हे यंत्र बाहेरचा सिग्नल पकडून घरात मोठा करते, आणि लावणाऱ्याला खरोखर फरक जाणवतो. पण परवान्याशिवाय बूस्टर लावणे भारतात बेकायदा आहे, आणि ते नुसत्या सरकारी खाक्यामुळे नाही. स्वस्तातले यंत्र आवाज आणि गोंगाट दोन्ही एकत्र वाढवून टॉवरकडे फेकते. त्याचा बाहेरचा आणि आतला अँटेना एकमेकांना ऐकू लागले की मंडपातला माईक स्पीकरसमोर नेल्यावर जशी कर्कश शिट्टी उठते तशीच शिट्टी रेडिओपट्ट्यात उठते. ती माणसाला ऐकू येत नाही, टॉवरला येते. त्या शिट्टीने टॉवरचा कान बधिर होतो, आणि आधीच पुटपुटणारे कडेचे फोन सर्वांत आधी तुटतात. एका इमारतीची सोय म्हणजे पलीकडच्या वाडीची गैरसोय. कंपनीने स्वतः बसवलेला, मोजून जुळवलेला रिपीटर ही वेगळी गोष्ट, आणि ती मागायला हरकत नाही. घरातल्या अडचणीवर त्याहून साधा उपाय म्हणजे वाय-फाय कॉलिंग : फायबरची जोडणी घरात किंवा ग्रामपंचायतीत असेल तर कॉल टॉवरऐवजी त्या तारेतून जातो. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२०च्या सुमारास सुरू केले. बहुतेक फोनमध्ये ते असते आणि बहुतेकांनी ते चालू केलेले नसते.

टॉवर जवळ आणायचा म्हटले की रेडिएशनची भीती उभी राहते, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या विकिरणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरमागे ०.४५ वॉट होते. पण या प्रश्नाची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. माणसाच्या डोक्याला सर्वांत जवळचा रेडिओ टॉवरवर नसतो, तो हातात असतो. टॉवर जवळ असला की फोन आपला आवाज आपोआप शेकडो पटींनी खाली आणतो, आणि टॉवर लांब असला की पूर्ण ताकदीने ओरडतो. म्हणजे 'आमच्या वाडीजवळ टॉवर नको' असे ठरवणारी वाडी आपल्याच फोनला सतत कमाल शक्तीवर ठेवते, बॅटरी दुपारपर्यंत संपते ती वेगळीच. शाळेच्या छपरावर टॉवर नको हे म्हणणे रास्त आहे. समोरच्या सोंडेवरही नको हे मात्र आपल्याच अंगावर येते.

पावसाचा मुद्दा कोकणात टाळता येत नाही. 'पाऊस आला की रेंज जाते' हा अनुभव खरा आहे, त्याचे कारण मात्र वेगळे आहे. ७०० ते २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींना पावसाचे थेंब जवळपास जाणवतच नाहीत, ओली झाडी काही डेसिबल खाते तेवढेच. पण दुर्गम टॉवर बाकीच्या जाळ्याशी अनेकदा फायबरने नव्हे, तर १५ ते २३ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह दुव्याने जोडलेला असतो, आणि मुसळधार पावसात तो दुवा किलोमीटरमागे कित्येक डेसिबल गमावतो. त्यातच वीज जाते, बॅटरी काही तासांत उतरते आणि डिझेल घेऊन जाणारी गाडी ओढ्याअलीकडे अडकते. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यापासून आतल्या तालुक्यांपर्यंत विजेचे खांब आडवे झाले आणि फोन मुके झाले. तेव्हा लहरींचा दोष नव्हता, त्यांच्यामागची वीज आणि तारा तुटल्या होत्या. कडेच्या टॉवरला दोन-तीन दिवस पुरेल एवढी बॅटरी, सौर पॅनेल आणि शक्य तिथे फायबर, हा खर्च रेंज सुधारण्याच्या खात्यात सहसा धरला जात नाही. वास्तविक जुलै महिन्यापुरती तरी हीच खरी सुधारणा. दूरसंचार नियामक ट्रायच्या ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या गुणवत्ता नियमांत जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिल्यास ग्राहकाला सवलत देण्याची तरतूद आहे. पण एका खोऱ्यातला एकटा टॉवर चार दिवस बंद पडला तर जिल्ह्याच्या आकड्यात ती फट दिसत नाही. कंपन्यांनी प्रसिद्ध करायच्या रेंजच्या नकाशांतही तीच अडचण आहे : नकाशा टॉवरचा आवाज कुठवर जातो ते दाखवतो, फोनचा कुठून पोचतो ते दाखवत नाही.

या जिल्ह्यात हा प्रश्न गैरसोयीपुरता उरत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाडच्या तळिये गावावर दरड कोसळली, पुराने रस्ते तुटले होते, आणि मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. १९ जुलै २०२३च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळवाडीवर दरड आली. वर जायला रस्ता नव्हता, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकले नाही, जवान पायवाटेने चढले. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. पेण आणि रोह्याच्या डोंगरातल्या कित्येक वाड्यांची ठेवण तशीच आहे. दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये सेल ब्रॉडकास्टच्या चाचण्या घेतल्या, फोन अचानक मोठ्याने वाजून इशारा दाखवायचा तो हाच. ही व्यवस्था कडेच्या वाडीसाठी विशेष उपयोगी आहे, कारण तिला फोनकडून उत्तरच लागत नाही. टॉवर एकदाच बोलतो, टप्प्यातले सगळे फोन ऐकतात, ज्यांचे अपलिंक तुटलेले आहे तेसुद्धा. मात्र धोक्याचा इशारा खाली येणे आणि 'आमच्याकडे दरड आली' ही हाक वर जाणे यांत अंतर आहे. कॉल लागत नसेल तेव्हाही एसएमएस जाण्याची शक्यता अधिक असते, कारण तो इवलासा असतो आणि पुन्हा पुन्हा पाठवता येतो. शाळेत आणि आशाताईंच्या बैठकीत एवढे सांगितले तरी पुष्कळ.

शेवटचा आक्षेप नव्या काळाचा आहे : उपग्रह थेट फोनशी बोलू लागले की खांब कशाला हवेत? २४ डिसेंबर २०२५ रोजी इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून ब्लूबर्ड मालिकेतला असाच एक अमेरिकी उपग्रह सोडला. साध्या फोनशी बोलता यावे म्हणून त्याला २२३ चौरस मीटरचा अँटेना दिला आहे, कोकणातल्या एखाद्या ऐसपैस चौसोपी घराएवढा. तो एवढा मोठा का, याचे उत्तर आतापर्यंतच्या सगळ्या विवेचनात आले आहे. फोन तोच, त्याचे २०० मिलिवॉट तेच. शेकडो किलोमीटर वरून ते ऐकायचे तर कान तेवढाच विशाल लागणार. असा एक कान फार मोठ्या मुलखाचे एकत्र ऐकेल, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येईल : मजकूर, संकटातली हाक, फार तर बोलणे. समुद्रावरच्या मच्छीमाराला आणि गडावर अडकलेल्या ट्रेकरला ते अमोल ठरेल. पण खोल घळीतून आकाशाचा थोडाच तुकडा दिसतो, आणि पत्र्याच्या छपराला वरून येणारी लहर आणि बाजूने येणारी लहर यांत फरक कळत नाही. उपग्रहाशी बोलायचे झाले तरी श्रावणातल्या पावसात माणसाला अंगणातच यावे लागेल.